नरसिंहाच्या मांडीवर

शनवाऱ्यातल्या नरसिंहाच्या देवळापुढे वैशाखातल्या चतुर्दशीला सोंग निघायचं. रंगीत कागदाचा खांब फोडून देव बाहेर यायचा, हिरण्यकश्यपूला उंबऱ्यावर ओढायचा, मांडीवर आडवा घ्यायचा आणि पत्र्याच्या नखांनी त्याचं पोट फाडायचा. दिवस मावळलेला असायचा, दिवे अजून लागलेले नसायचे.

देवाचा मुखवटा तापीपलीकडे जैनाबादला भाईदासच्या घरी असे. तो घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. एरवी भाईदास केळीच्या बागेत राबणारा, कमी बोलणारा माणूस. चिंध्या, कागद आणि चिंचोक्याची खळ यांचं ते सिंहाचं तोंड त्याच्या आज्याने केलेलं होतं. आयाळ अंबाडीची, डोळे काचेचे. आतल्या माणसाला बघायला जबड्यातली फट तेवढी.

हिरण्यकश्यपू व्हायचा लीलाधर. जिनिंगमध्ये मुकादमकी करणारा, अंगाने थोराड. भाईदासशी त्याचं लहानपणापासून गूळपीठ. त्याला मुलगा नव्हता, म्हणून प्रल्हाद त्याची मुलगी विमलच व्हायची. देवळातल्या एकदोघांनी नाकं मुरडली होती, पण पोर धीट होती. शेवटी प्रल्हाद देवाच्या पायांवर हात ठेवायचा, देव शांत व्हायचा, हिरण्यकश्यपू गुलाल झटकत उठायचा आणि लोक हसायचे. मग भाईदास लीलाधरच्या घरी जेवायला जायचा. त्या दिवशी गोदाबाईच्या हातचे मांडे आणि आमरस ठरलेला.

प्रांताचं नाव बदलून मध्य प्रदेश झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. खांब फुटला. भाईदासने लीलाधरला उंबऱ्यावर ओढलं, मांडीवर घेतलं. नखं पोटाला लागली की लीलाधर एक मोठी आरोळी ठोकायचा. त्या दिवशी आरोळी आली नाही. त्याने भाईदासचं मनगट गच्च धरलं. भाईदासला वाटलं, यंदा सोंग जास्तच रंगलं आहे. त्याने डरकाळ्यांवर डरकाळ्या फोडल्या. मुखवट्याच्या आत त्याला स्वतःच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मनगटावरची पकड सैल झाली तेव्हाही तो डरकाळत होता.

विमल आली. देवाच्या पायांवर हात ठेवायचं सोडून ती बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, उठा ना."

डॉक्टरने हृदय बंद पडल्याचं सांगितलं. लोकांनी वेगळंच धरलं. देवाने आपल्या मांडीवर घेतला, असं मरण कुणाला मिळतं, असं जो तो म्हणू लागला. भाईदास नदी ओलांडून बाजारात आला की बाया लेकरांना त्याच्या पायांवर घालू लागल्या. काही जण त्याला पाहून गल्ली बदलत. पाया पडणाऱ्यांचं भय त्याला जास्त वाटे. तेराव्याला तो गेला तेव्हा गोदाबाईने मात्र मान वर केली नाही, आणि त्यातून जे समजायचं ते त्याने समजून घेतलं.

मग संध्याकाळी बागेत जाणं त्याला अवघड झालं. उजेड उतरू लागला की केळीची वाळकी पानं खोडाभोवती आयाळीसारखी लोंबत, आणि त्या खोडांमध्ये एक खोड जास्तीचं वाटे. जवळ गेलं की नसे. उंबऱ्यावर बसणं त्याने सोडलं. दिवेलागणीला मनगट आखडायचं, हातातला विळा गळून पडायचा. मुखवटा आतल्या खोलीत कापडाखाली होता. तो तिथे श्वास घेतो, असं त्याने बायकोला, रंभाबाईला सांगितलं. तिने कापड काढून दाखवलं, हात लावून दाखवला. त्याचं म्हणणं एकच होतं : त्या दिवशी प्रल्हादाचा हात पायांना लागला नाही. देव कोपलेलाच राहिला आणि आपल्या घरात येऊन बसला. आणि कधीकधी त्याला याहून वाईट वाटे, की देव आलाच नव्हता. जे झालं ते एकट्या भाईदासच्या मांडीवर झालं.

पुढच्या वैशाखात सोंग निघालं नाही. त्याच्या पुढचा वैशाख लागला तसा भाईदासने मुखवटा टोपलीत घातला आणि तापीत सोडायला निघाला. रंभाबाईने अडवलं नाही, पण सकाळीच तिने गोदाबाईला निरोप धाडला होता. भाईदास काठाशी पोचला, तेव्हा पलीकडून येणाऱ्या डोंग्यात गोदाबाई आणि विमल बसलेल्या त्याला दिसल्या. पळून जावं असं वाटलं. त्याने टोपली वाळूत ठेवली.

गोदाबाई उतरली आणि टोपलीशेजारी वाळूत बसली.

"भाऊ, त्यांच्या छातीत सकायपासून दुखे," ती म्हणाली. "मी तेल चोळलं. म्हनलं, नका जाऊ. तर म्हने, मी नाही गेलो तर भाईदास मांडीवर कोनाले घेईन? मी हासली. दाराला कडी घालाची, तं हासली मी. तवापासून मले तुमच्याकडे पाहवत नाही."

भाईदासला हे ऐकून हलकं वाटलं नाही. तो मेलेला मित्र, दुखऱ्या छातीने, आपल्यासाठी येऊन मांडीवर निजला होता, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. गोदाबाईने विचारलं, शेवटी ते काही बोलले का.

"मले माहीत नाही, वहिनी. मी डरकाळ्या मारत व्हतो. त्यानं हात धरला व्हता माझा."

"कुठं?"

त्याने मनगट पुढे केलं. गोदाबाईने त्यावर हात ठेवला आणि नवऱ्याची पकड कशी असेल ती शोधल्यासारखी बोटं फिरवत राहिली. विमल नदीकडे तोंड करून उभी होती.

मुखवटा नदीत गेला नाही. गोदाबाई म्हणाली, सोंग बंद पडलं तर त्यांचं जाणं तेवढंच लोकांच्या ध्यानात राहील. देवळातल्या लोकांनी भाईदासला परत बोलावलं, तेव्हा त्याने मान पुतण्याला, गोटूला दिला आणि स्वतःसाठी हिरण्यकश्यपू मागितला. लोक चपापले. रंभाबाई दोन दिवस जेवली नाही. पण तो ऐकेना.

त्या चतुर्दशीला गोटूने खांब फोडला, काकाला उंबऱ्यावर ओढलं आणि मांडीवर घेतलं. भाईदासने आयुष्यात पहिल्यांदा तो मुखवटा खालून पाहिला. जबड्याच्या फटीतून गोटूचे डोळे दिसतील असं त्याने धरलं होतं. आत नुसता काळोख होता. गोटूचा हात, गोटूची मांडी, गोटूच्या घामाचा वास, सगळं ओळखीचं. आणि वर वाकलेलं तोंड कुणाचंच नाही. आरोळी ठोकायची हे तो विसरला. मग गोटूनेच आतून घाबरून हाक मारली, "काका?" आणि भाईदास ओरडला.

जेवायला तो गोदाबाईकडे गेला. मांडे होते. पहिला घास हातात धरून त्याने सांगितलं की खालून मानूस दिसत नाही, निस्ता देव दिसतो. लीलाधरने इतकी वर्षं हे पाहिलं आणि एकदाही सांगितलं नाही.

गोदाबाईने विचारलं, "त्यांना भ्या वाटत असन का?"

"मले वाटलं," भाईदास म्हणाला.

तिने त्याच्या ताटात आणखी रस वाढला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, विमल लग्न होऊन भुसावळला गेली, तरी तो दर वैशाखात त्या मांडीवर निजत राहिला. डोळे मात्र त्याने कधी मिटले नाहीत.