सायलीच्या लिंकसमोरची माझी टिक

"या लिंकचा सेकंड रीड कोणी केला?" मॅडमनी विचारलं आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं.

शीटमध्ये सायलीच्या लिंकसमोर हिरवी टिक होती. ती मी केली होती.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. वडील अंबडला कारखान्यात लेथ चालवतात. शेवटच्या वर्षाला मला गंगापूर रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात इंटर्नशिप मिळाली. काम वाचायचं. समाजकार्य, करिअर, सिनेमा-सिरीज यांवरचे ऑनलाइन लेख वाचून पाच निवडायचे. दर शुक्रवारी ते वाचकांना ईमेलने जातात. प्रत्येक लिंकखाली दोन ओळी लिहायच्या, त्याला ब्लर्ब म्हणतात. आणि एकीने निवडलेला लेख दुसरीने शेवटपर्यंत वाचून टिक करायची. तो सेकंड रीड.

इंटर्न आम्ही दोघीच होतो, सायली आणि मी. जूनपासून एकीलाच ठेवणार होते.

सायलीचे ब्लर्ब मॅडम मोठ्याने वाचून दाखवायच्या. माझ्या ब्लर्बसमोर "ठीक" असा रिमार्क यायचा. ती एखाद्या कोरियन सिरीजवर दोन ओळी लिहायची आणि मला ती सिरीज बघावीशी वाटायची. त्याचाच राग यायचा. घरी पुस्तकांचं कपाट आहे, असं ती एकदा सहज म्हणाली होती. ते मी आठवडाभर विसरले नाही.

त्या शुक्रवारी तिने पेशंटची देखभाल शिकवणाऱ्या मोफत कोर्सवरचा लेख दिला. ब्लर्ब इतका चांगला होता की पुढचं काही बघायची इच्छाच राहिली नाही. टिक करून मोकळी झाले.

सोमवारी ऑफिसचा फोन मीच उचलला.

"ताई, मी मनमाडहून आले. घरी भांडून आले. इथं सेंटरवर सांगतात, कोर्स मागच्या वर्षीच बंद झाला. तुमच्या मेलमध्ये तर चालू हाय लिहिलंय."

लेख उघडला. शेवटच्या ओळीत कोर्स बंद झाल्याचं लिहिलं होतं.

म्हणून मॅडमचा प्रश्न.

"मॅडम, लेख मी निवडला," सायली म्हणाली. "शेवटचा पॅरा घाईत सोडला. चूक माझी."

चूकही ती किती नीट कबूल करते, असं माझ्या मनात आलं.

"टिक माझी आहे," मी म्हणाले. "मी लेख उघडलाच नव्हता."

"का?"

"ब्लर्ब... फार चांगला होता."

सायली बघतच राहिली. "अगं, मग एकदा तरी सांगायचंस. मला वाटायचं, तुला माझं काही आवडतच नाही."

मॅडमनी मला कामाला लावलं. दोन दिवस फोन करून मी चालू असलेला एक कोर्स शोधला. तिथे स्वतः जाऊन खात्री केली, मग मनमाडच्या मुलीला कळवलं. ती आता तिथे शिकते.

जूनमध्ये सायलीला ठेवलं.

तिचा मेल अजून दर शुक्रवारी येतो. मी प्रत्येक लिंक उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. चूक सापडावी म्हणून. अजून सापडलेली नाही. वाचन मात्र बरंच झालं.