सलामीशिवाय लाथ नाही

"हिला पॅड धरू दे," अण्णा म्हणाले. "आणि ती सलामी-बिलामी हिला नको. पोरींनी यायचं, लाथ मारायची, पुढे जायचं."

मी तिथेच उभी होते. चार पावलांवर. माझी आई त्यांचाच हॉल झाडायची, त्यामुळे माझं नाव त्यांना माहीत होतं. पण बोलणं सरांशी चाललं होतं. मी म्हणजे कोपऱ्यात टेकवलेला खराटा.

सर खाली बघून म्हणाले, "ठीक है अण्णा."

१९९४ चा जानेवारी. महाड. सव्वीस तारखेला आम्हा मुलींचं कुंग फूचं प्रात्यक्षिक होतं आणि ही त्याची शेवटची तालीम.

सर महाडचेच मुसलमान. टेम्पो चालवायचे. तरुणपणी मुंबईत असताना माझगावातल्या एका म्हाताऱ्या चिनी दातांच्या डॉक्टराकडे शिकले होते. गावातले लोक त्याला कराटे म्हणत. सर दर वेळी सांगत, "कराटे नाय, कुंग फू. चिनी हाय." अण्णांच्या संस्थेचा हॉल त्यांना संध्याकाळी दीड तास मिळायचा. अण्णा म्हणजे खोऱ्यातले मोठे जमीनदार, संस्थेचे चेअरमन.

मी महाडजवळच्या नाते गावच्या बौद्धवाडीतली. अकरावीला होते. कॉलेज सुटलं की आईचं झाडणं उरकेपर्यंत हॉलच्या पायरीवर बसायचे, मग दोघी एसटीने घरी. सरांच्या क्लासच्या पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. त्यांनी पायरीवर बघितलं. "शिकणार काय गो?" मी चप्पल काढून आत गेले. म्हणून मी पहिली.

हे पहिलं असणं महत्त्वाचं होतं. सरांच्या मास्तरांचा नियम होता : जो आधी पाय ठेवेल तो मोठा. वय विचारायचं नाही, आडनाव विचारायचं नाही. मागून आलेल्याने त्याला दादा किंवा ताई म्हणायचं आणि समोर आल्यावर सलामी द्यायची. उजवी मूठ, तिच्यावर डावा तळवा. सर सांगत, "माझ्या मास्तरकडे बँकेचा साहेब धोब्याच्या पोराला दादा म्हणायचा. नाय म्हटला तर मास्तर दारातूनच परत पाठवायचा."

चार महिन्यांनी अण्णांची मुलगी मनीषा आली. नववीतली. सरांनी माझ्याकडे बोट केलं : "ही तुझी ताई." तिने सलामी दिली. तिला तो खेळ होता. मला नव्हता. तिच्या घरी माझ्या आईचा चहाचा कप गोठ्याच्या खिडकीत ठेवलेला असायचा.

या विद्येत एक सराव असतो. दोघींनी मनगटाला मनगट लावायचं, डोळे मिटायचे आणि समोरचीचा जोर कुठून येतो ते ओळखायचं. मनीषा आणि मी रोज तो करायचो. तिचे हात थकले की थरथरायचे. माझेही.

पॅड, म्हणजे लाथ झेलायची गादी, धरणं हे काही हलकं काम नव्हतं. ते मोठीनेच धरायचं असतं, कारण लाथ कधी आणि कुठे येणार हे तिला कळतं. धाकटी आधी सलामी देते, मग मारते. शंभरदा धरला असेल मी. तालमीत अण्णा अचानक आले आणि नेमकी त्यांची मुलगी मला म्हणत होती, "ताई, जरा वर धर."

"ताई? कुणाची ताई गो?" अण्णांनी हसत विचारलं. मनीषाही हसली. मग त्यांनी सरांना बोलावलं. मनगटांचा सराव कार्यक्रमातून काढला. सलामी काढली. पॅड राहिला.

म्हणजे लाथ चालत होती. हात चालत नव्हता.

याच अण्णांची कमान दर मार्चला चवदार तळ्याच्या रस्त्यावर लागायची. येणाऱ्या जनसमुदायाचं हार्दिक स्वागत.

मी सरांना एवढंच विचारलं, "तुमच्या मास्तरचा नियम?"

"हॉल उनका है बेटी," ते म्हणाले. "आणि माझं नाव बघ. दिवस कसले चाललेत ते बघ." मुंबईच्या दंगलींना वर्ष झालं होतं. त्यांची भीती मला कळली. माफ मात्र केलं नाही.

एसटीत आईला सांगितलं. ती म्हणाली, "धर की. तुझा काय झिजतंय?"

"सलामी नाय तर मी धरणार नाय."

"मग उद्या माझ्या हातात झाडू पन नाय. समजून बोल."

सव्वीस जानेवारीला शाळेचं मैदान भरलेलं. पाहुणे खुर्च्यांवर, मधोमध अण्णा. मी पॅड घेऊन उभी राहिले. पहिली मुलगी आली, मारून गेली. दुसरी आली, मारून गेली. दोन लाथा मी मुकाट्याने घेतल्या. हे लिहायलाच हवं, कारण नंतर लोकांनी मला वाघीण वगैरे करून टाकलं. वाघीण नव्हते. आईचं बोलणं कानात होतं.

तिसरी मनीषा. ती धावत निघाली आणि मी पॅड खाली ठेवला. फेकला नाही. ठेवला. पाय जुळवले, हात मोकळे सोडले आणि तिच्याकडे बघत राहिले.

ती थांबली. गोंधळली. खुर्च्यांकडे बघायला तिला वेळच मिळाला नाही. तिचे हात आपोआप वर आले. उजवी मूठ, डावा तळवा. "ताई," ती म्हणाली. माईक जवळ होता. मैदानभर ऐकू गेलं.

मी सलामी घेतली, पॅड उचलला, धरला. तिने लाथ मारली. चांगली मारली.

अण्णा उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आईचं काम गेलं. सरांनी निरोप पाठवला, काही दिवस येऊ नकोस. ते काही दिवस संपले नाहीत. मनीषाचा क्लास बंद झाला आणि त्यानंतर बाजारात समोर आली की ती मान फिरवायची. आई हमरस्त्यावरच्या हॉटेलात भांडी घासायला जाऊ लागली. अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. तू बरोबर केलंस, असं मरेपर्यंत म्हणाली नाही. मीही तिच्याकडून ती अपेक्षा ठेवली नाही. भांडी तिने घासली होती.

नर्सिंग केलं. २००८ साली मी पोलादपूरला नोकरीत होते. वरच्या वाड्यांतल्या मुली पायी शाळेला यायच्या आणि मोटरसायकलवाली पोरं त्यांना आडवी जायची. काही आया माझ्याकडे आल्या. मी स्पष्ट सांगितलं : चार पुरुषांना लोळवणं वगैरे सिनेमात. चौघे आले तर पळायचं. यातून नोकरी मिळत नाही, सर्टिफिकेटही माझ्याकडे नाही. उभं कसं राहायचं आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, एवढं शिकवीन. शिवाय एक नियम.

तिथल्या आमच्या बौद्धवस्तीच्या समाजमंदिराच्या अंगणात सुरू केलं. पहिल्या दिवशी पहिली आली कातकरी वाडीवरची जनी. वय नऊ. ती सगळ्यांची ताई झाली.

महिनाभरात बाजारपेठेतली एक बाई आली. शिकलेली, गोड बोलणारी. "मॅडम, आमच्या मुलींची बॅच वेगळी घ्या ना. हॉल आमचा आहे, पंखे आहेत, मॅट आहेत. आम्ही जात मानत नाही हो. फक्त जोड्या आपापल्यात ठेवा."

"पहिली आलेली ताई. जोड्या मी लावणार."

"लहान मुलींना कशाला इतके नियम?"

"लहान आहेत म्हणूनच."

तिने पर्स उचलली. तिचं मला नवल वाटलं नाही. पुढच्याच आठवड्यात आमच्याच वस्तीतली एक वहिनी आली. तिच्या दोन मुली माझ्याकडे होत्या. ती म्हणाली, "बाय, बाकी सगळा ठीक हाय. पन कातकरणीला ताई म्हणायची काय आमच्या पोरींनी?"

हे ऐकल्यावर मला अण्णांच्या वेळेपेक्षा जास्त राग आला. बाबासाहेबांच्या फोटोखाली उभी राहून ती हे बोलत होती.

मी म्हटलं, "म्हणायची. नायतर पोरी घेऊन जा."

ती घेऊन गेली. समाजमंदिराच्या मंडळात तक्रारही केली. मंडळाच्या पोरांनी मला बोलावून समजावलं : आधी माणसांची मनं तयार करू, मग असे नियम लावा. मी त्यांना सांगितलं की मनं तयार होईपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नाही. मनीषाचं मन कुठे तयार होतं? तिच्या हातांना सवय होती. मला तेवढी सवय लावायची आहे. मनाचं ज्याचं त्याने बघावं.

बारा मुलींतल्या पाच उरल्या. अंगणही मंडळाचंच होतं, ते सोडलं. आता नदीकाठच्या सपाटीवर घेते. पावसाळ्यात बंद असतं.

येईल तिला घेते. कुणाचीही असो. आल्यावर तिने आधी जनीसमोर उभं राहायचं आणि सलामी द्यायची. जिला ते जमणार नाही तिला मी काही शिकवणार नाही, मग ती माझ्या सख्ख्या भावाची पोर का असेना. पाचाच्या चार झाल्या तरी चार. एक राहिली तरी जोडीला मी आहे.