दुसरं पाकीट

नवरा जाऊन पाच आठवडे झाले होते, तेव्हा खाज सुरू झाली. मग पिवळसर, फेसाळ स्राव आणि त्याचा वास. मी इद्दतीत होते. चार महिने दहा दिवस अडल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. पांढरकवड्याच्या आमच्या घरी बायका भेटायला येत. कोणी जवळ बसली की मी थोडी मागे सरकत असे. त्यांना ते दुःख वाटे. खरं तर त्यांना वास येईल अशी भीती होती.

मी शाळेत मराठी शिकवते. अडलं की वाचायचं, ही सवय. फोनवर वाचू लागले आणि ‘शरीरसंबंधातून पसरणारा’ या शब्दांपाशी थांबले. माझ्या आयुष्यात नवऱ्याशिवाय कोणी नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्याआधी तो बरीच वर्षं हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, मग हायवेला गॅरेज टाकलं. ती वर्षं मी कधी विचारली नव्हती. तो हृदयविकाराने गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता मला त्याचीही खात्री वाटेना. मला एड्स असेल, मी झिजून मरेन, असं वाटे. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण नक्की कोणासाठी रडतो आहोत हेच कळेनासं झालं.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही.

“काय होऊन राह्यलं बेटा?”

“काही नाही, अम्मी.”

“काही नाही तर घडीघडी मोरीत कायले जाऊन राह्यली? दवाखान्यात जायले इद्दत आडवी येत नाही. बुरखा घाल, चाल.”

सरकारी दवाखान्यात त्या बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरबाईंनी तपासलं, नमुना काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं.

“ट्रायकोमोनास. एकपेशी परजीवी आहे. बघा, कसा वळवळतोय. घाबरू नका, गोळ्यांनी पूर्ण जातो.”

मी पाहिलं नाही. विचारलं, “टॉवेलमुळे होतो का?” होतो म्हणाल्या असत्या तर मी सुटले असते.

“नाही. शरीरसंबंधातूनच.”

“मग कधी आला असेल?”

“ते काचेवरून सांगता येत नाही. पुरुषांना बहुतेकदा काही जाणवत नाही. अंगात महिनोन्‌महिने राहतो, कधी वर्षंही. कालचा असेल किंवा लग्नाआधीचा.”

मग रक्त घेतलं. एचआयव्हीचा निकाल येईपर्यंत मी अम्मींशेजारी बसून होते. त्या तसबीचे मणी ओढत होत्या. त्यांच्या मुलाबद्दल मी काय विचार करते आहे हे त्यांना कळेल, या भीतीने मी बुरख्याचा पडदाही वर केला नाही.

निकाल निगेटिव्ह आला. पण इतक्या लवकर सगळं कळत नाही, तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करायच्या होत्या. नर्सताईंनी गोळ्यांची दोन पाकिटं पुढे ठेवली.

“हे तुमचं. हे यजमानांचं. त्यायनं नाही घेतल्या तर तुमाले पुन्हा होईन. आले का ते?”

उघडं कपाळ आणि रिकामा गळा पाहून त्या विधवा ओळखत असतील. बुरख्यात काय दिसणार? मी सांगू शकले असते.

“आले नाहीत,” मी म्हटलं.

“माणसं असेच. दटावून द्या.”

सात दिवस गोळ्या घेतल्या. तोंडाला सतत लोखंडाची चव होती. खाज गेली, वास गेला, भीती राहिली. दुसरं पाकीट मी कपाटात त्याच्या चष्म्याशेजारी ठेवलं. ते दिसलं की कधी राग येई. कधी वाटे, त्यालाही ठाऊक नसेल. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी होत.

इद्दत संपत आली तेव्हा पुन्हा गेले. काच स्वच्छ होती. रक्तही. नर्सताईंनी विचारलं, “घेतल्या ना त्यायनं?”

मी पाकीट टेबलावर ठेवलं. “मागच्या वेळी मी आले, तेव्हाच ते गेलेले होते.”

“अवं माय! मंग सांगितलं काहून नाही?”

‘आले का’ विचारताना त्यांच्या तोंडी तो अजून जिवंत होता, म्हणून असेल. त्यांनी मुदतीची तारीख पाहून पाकीट खोक्यात परत टाकलं.

संध्याकाळी शेजारच्या चाची आल्या. अगदी लगटून बसल्या, माझा हात हातात घेतला. “फार नेक माणूस होता,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं. किती खरं ते मला माहीत नव्हतं, आणि आता कळणारही नव्हतं. पण मी मागे सरकले नाही.