दगडीसाहेबांचा बंगल्यातला फ्लॅट

दगडीसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत. मग यजमानाकडे करुणेने पाहून म्हणत, "पोकळ आहे." दोह्यात जिप्समच्या भिंतींशिवाय दुसरं काय मिळणार? पण गृहस्थांचा भारतात एक फ्लॅट होता, पाचगणीच्या बाजूला. कुणा इंग्रज न्यायाधीशाने उन्हाळ्यापुरता बांधलेला दगडी बंगला. पुढे एका बिल्डरने त्याचे सहा फ्लॅट केले, त्यातला हा एक. भिंती दोन हात जाड. तेवढ्या भांडवलावर साहेब सगळ्या कतारला पोकळ ठरवत.

माणूस पुण्याचा, गॅस कंपनीत मोठा इंजिनिअर. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं खरं मानायचा. एकदा आमच्याकडे जेवायला होते. पुरणपोळी वाढताना आमची ही रिवाजाप्रमाणे म्हणाली, "आज जरा बिघडल्याच हो." साहेबांनी घास नीट चघळला आणि म्हणाले, "हो, पुरण सैल झालंय. होतं असं कधी कधी." दुसरी पोळी घेतली नाही. ही आठवडाभर धुमसत होती आणि मी हसत होतो. तेव्हाच शहाणा व्हायला हवा होतो.

मी सांगोल्याकडचा. इथे एसीची कामं करायला आलो, आता दोह्याजवळ उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. जे मिळवलं ते घासाघीस करून. आवडलेल्या वस्तूला पहिल्यांदा नावं ठेवायची, हा माझा धंद्यातला पहिला नियम. तो आजवर एकाच ठिकाणी फसला.

साहेबांची निवृत्ती जवळ आली, त्यांनी फ्लॅट विकायला काढला. मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा त्यांच्याकडून चावी घेऊन आम्ही नवरा-बायको बघून आलो. हिला दोह्याच्या धुळीने दम्याचा त्रास. पंपाशिवाय मॉलमध्येसुद्धा जात नाही. तिथे लाकडी जिना चढून गेली, दरीकडच्या खिडकीत तासभर बसली, आणि पंप पर्समधून निघालाच नाही. फ्लॅट घ्यायचाच, हे माझं त्या तासातच ठरलं. परत येताना ती एवढंच म्हणाली, "आवडला असं सांगा त्यांना."

सांगतोय कशाला! आवडला म्हटलं की भाव खाली येतो का कधी?

दोह्यात परतल्यावर अबू हमूर भागातल्या साहेबांच्या व्हिलात बसून मी फ्लॅट सोलून काढला. जमीन करकरते. स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर, पूर्वीच्या तबेल्यात. वारसा इमारत म्हणून खिडकीची चौकटसुद्धा बदलायची नाही. आणि बाहेरच्या भिंतीवर एसीचं युनिट लावायला बंदी. माझ्यासारख्याने तिथे राहायचं म्हणजे हलवायाने मिठाई सोडण्यासारखं. साहेब वाद घालीनात. सुंदर अक्षरात एकेक मुद्दा लिहून घेत होते. वर आणखी दोन त्यांनी स्वतःच घातले: छतात वटवाघळं आहेत, आणि मेमध्ये पाण्याचा टँकर मागवावा लागतो. माझं काम विकणाराच करतोय, म्हणून मी मनात खूश. चहा पिता पिता अर्ध्या किमतीला मागितला. "विचार करतो," म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी अल मन्सूरा भागातल्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात साहेब भेटले. हातात कढीपत्ता, चेहऱ्यावर समाधान. फ्लॅट नाशिकच्या एका शिक्षक जोडप्याला दिला होता. किती घेतले विचारलं, तर मी शेवटी जिथे थांबणार होतो त्याहून कमी! मी भडकलो. मला एकदा विचारायचं तरी, असं भर दुकानात ओरडलो. साहेब घाबरले नाहीत, उलट मलाच धीर देऊ लागले.

"अहो पवार, तुमची यादी मी दोनदा वाचली. एवढा त्रास विकत देऊन मला झोप लागली असती का? त्या बाई म्हणाल्या, घर छान आहे. म्हटलं, घ्या मग."

वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं; मी कामात आहे असा निरोप दिला होता, तो त्यांनी खरा मानला.

कायमचे निघाले तेव्हा त्यांनी मला बोलावलं. घरचे तीन एसी काढून विकायचे होते. मी सवयीने सुरुवात केली, "साहेब, कॉम्प्रेसर जरा..." आणि त्यांचा हात पेनाकडे गेला. मी जीभ आवरली.

"चांगले आहेत साहेब. मला हवेत."

साहेब खुलले. मग थांबून म्हणाले, "पवार, तो बंगला... तोही आवडला होता का?"

मी मानेनेच हो म्हटलं. हिच्या खिडकीत बसण्याचंही सांगितलं, पंपाचंही. साहेबांनी पेन बाजूला सारलं.

"अहो, मग सांगायचं की."

मला आजवर पुष्कळांनी फसवायचा प्रयत्न केला, आणि त्यातल्या एकालाही मी सोडलं नाही. या माणसाने मला फसवलंच नाही. त्याचं काय करायचं?