हेडक्लार्कांचा कॉम्प्युटर

निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्यांना हेडक्लार्कच म्हणायची. घरातही त्यांचा कारभार तसाच होता. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, रिमोट त्यांच्या उशाशी. कॉम्प्युटरवरचं कापडी झाकण बायकोने शिवलेलं, पण ते उचलायची तिला मुभा नव्हती. "हिचा हात मशीनच्या तेलाचा," ते पाहुण्यांसमोर म्हणायचे. पाहुणे हसले की पुन्हा म्हणायचे.

एका सकाळी दाढी करता करता ते बाथरूममध्ये कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि डावा हात.

घर बायकोच्या शिवणावर आलं. शाळेच्या गणवेशांवर बिल्ले भरून द्यायचं काम तिला मिळालं. त्याची नक्षी कॉम्प्युटरवर मांडावी लागे, म्हणून उतारवयात ती माउस धरायला शिकली. ते खुर्चीतून टक लावून बघत बसायचे.

मग कॉम्प्युटर मधूनच बंद पडू लागला. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "मावशी, सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकावी लागेल. त्याची प्रॉडक्ट की लागते, लांबलचक अक्षरं-आकडे असतात. ती आधी शोधा, मगच मला बोलवा."

तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, ती की कुठे ठेवलीय?"

डावं बोट माळ्याकडे गेलं. कंबर धरून ती चढली, ट्रंक उपसली. काही नाही. मग बोट पलंगाखाली गेलं, मग आरशामागे, मग स्क्रूच्या डब्याकडे. घरभर पसारा झाला, तिचे गुडघे सोलवटले. बोट पुन्हा माळ्याकडे वळलं तेव्हा तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अर्धं तोंड हसत होतं.

खाली बसून सगळे स्क्रू वेचून तिने डब्यात भरले.

काम अडलं होतं, म्हणून तिने दुरुस्तीवाल्याला तसंच बोलावलं. त्याने बटण दाबून पाहिलं. "अहो, हा चालू होतोय की! मला वाटलं पार गेला. मग की आतूनच वाचता येते." एक छोटा प्रोग्रॅम चालवून त्याने की कागदावर उतरवून घेतली. खुर्चीतलं हसू मावळलं.

"तुमच्या नक्ष्या पेनड्राइव्हवर घेतल्या," तो म्हणाला. "आणि काकांनी आत्मचरित्र टाइप केलंय. बरीच पानं आहेत. काढून ठेवू?"

तिला याचा पत्ताच नव्हता. "मी आहे का हो त्यात?"

त्याने शोधलं. "'पत्नी' एकदाच आलंय." मग तो घुटमळला.

"वाचा ना."

"'पत्नीच्या ऐनवेळच्या आजारपणामुळे माझी बढती हुकली.'"

त्या आजारपणात तिची मुलगी पोटातच गेली होती. दुसरं मूल झालं नाही.

तिने नवऱ्याची खुर्ची ढकलत पार स्क्रीनसमोर आणली. "पुसा," ती म्हणाली.

"मावशी, परत मिळणार नाही."

"पुसा म्हटलं ना."

हेडक्लार्कांच्या घशातून गुरासारखा आवाज निघाला. डाव्या हाताने त्यांनी दुरुस्तीवाल्याची बाही धरली. तिने एकेक बोट सोडवलं आणि काम होईपर्यंत तो हात आपल्या मांडीवर दाबून धरला. दुरुस्तीवाला चहा न घेताच गेला.

हेडक्लार्क पुढे बरीच वर्षं जगले. तिने त्यांना वेळेवर भरवलं, न्हाऊ-माखू घातलं. कधी पाठीला जखम होऊ दिली नाही. लोक तिला सती म्हणायचे. शेजारणीने त्यांच्यासाठी पाटी आणून दिली, काही हवं-नको ते लिहायला. ते काही मागायचे नाहीत. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, आपला जन्म, आपली शाळा, आपली पहिली नोकरी लिहीत बसायचे. पाटी भरली की हाका मारल्यासारखे आवाज करून तिला दाखवायचे.

ती येऊन पाटी वाचायची, नीट, शेवटच्या ओळीपर्यंत. मग ओलं फडकं फिरवून कोरी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवायची.