वाटेतला मुक्काम

आई गेल्यावर बाबांना कायमचं माझ्याकडे मेलबर्नला न्यायचं ठरलं. त्यांच्या गुडघ्यांना एवढा लांबचा प्रवास एका दमात झेपला नसता, म्हणून वाटेत सिंगापूरला मुक्काम ठेवला. हॉटेलच्या खिडकीशी बाबा उभे होते, दोन्ही तळहात काचेवर टेकवून, खालच्या बंदराकडे बघत.

"इथून नागपूर जवळ की तुझं घर?" त्यांनी विचारलं.

"नागपूर, बाबा."

मला वाटलं होतं, विसावा गुडघ्यांना हवाय. विमान माणसाला काही तासांत परक्या देशात पोहोचवतं. पण जन्मभराचं घर मनातून इतक्या लवकर सुटत नाही.

"आणखी एक दिवस राहू या का गं?"

"राहू या," मी म्हणाले आणि तिकीट पुढे ढकललं.