पाठीवरची थाप

कमरेला काळा पट्टा बांधून मी कात्रजला मुलींना कराटे शिकवते. स्वभाव तिखट, आवाज त्याहून तिखट. समोरून ठोसा आला, लाथ आली की मला चेव येतो. पण कुणी अंगाला भिडून आवळून धरलं की माझा श्वास कोंडतो. लहानपणापासूनचं आहे, आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं.

हिंजवडीतल्या एका कंपनीत बायकांना स्वसंरक्षणाचे धडे द्यायला गेले, तिथे ते उघडं पडायची वेळ आली. नागपूरकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे मारनं ठीक आहे. पन मागून धरूनच ठेवलं, त?" आणि दाखवायला तिने मला मागून घट्ट विळखा घातला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी सुटले नाही, घाबरून तिनेच सोडलं. परतताना गाड्यांच्या रांगेत अडकल्यावर विचार करायला भरपूर वेळ होता. माझ्या भरवशावर पोरी क्लासहून एकट्या घरी जातात, आणि मी त्यांना अर्धंच शिकवतेय. ही भीती मोडली नाही तर क्लास बंद करायचा, असं मी ठरवून टाकलं.

आमच्या मागच्या गल्लीत कुस्तीची तालीम आहे. अंगाला भिडायची सवय करायची तर तिथेच, म्हणून गेले. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, तालीम तेवढी जागेवर राहिली. वस्तादांनी मला नीट न्याहाळलं. "पट्टा घरी ठिवून या," एवढंच म्हणाले, आणि आपल्या मुलीला माझी जोड लावून दिली. ती कॉलेजात शिकते. हाडापेराने अशी, की दारातून येताना तिरकी येते की काय असं वाटावं.

कराटेत धोका दिसला की आम्ही ताठ राहून मागे सरकतो. तेवढ्यात ती माझा पाय उचलायची आणि मी मातीत. "मॅडम, मागं सरताय म्हणून पाय घावतोय. पुढं या की, मी काय वाघ हाय?" मग मी वाकायला शिकले, खांदा द्यायला शिकले, ती पायात घुसली की पाय मागे फेकून तिच्यावर भार टाकायला शिकले. उभ्याने जमू लागलं. खाली पडायची वेळ मात्र मी शिताफीने टाळत होते.

एका सकाळी टळली नाही. मी पालथी, ती पाठीवर, तिचे हात माझ्या पोटाखाली. ताक, हळद आणि तेल मुरलेली माती नाकात गेली. श्वास कोंडला. हात मागे नेऊन मी तिच्या पाठीवर दोनदा थाप मारली. आमच्यात याचा अर्थ, बास, सोड. सगळे कराटेवाले थाप पडताच सोडतात. तालमीत पाठीवर थाप म्हणजे शाब्बास. तिला वाटलं मॅडम खूश आहेत, आणि तिने आणखी आवळलं. मी पुन्हा थापटलं. ती आणखी खूश झाली.

ओरडायला छातीत हवा नव्हती. मला सोडवायला कुणी येणार नाही, हे तेव्हा कळलं आणि मी चिडले. चिडले म्हणून नाकाने का होईना, थोडा श्वास आत गेला. गुडघा पोटाखाली ओढला. कोपर बरगडीला चिकटवलं, हे मी पोरींना रोज सांगते. तिचं मनगट धरलं आणि ठोशाला वळवतो तशी कंबर सगळ्या जोराने वळवली. विळखा ढिला झाला, मी बाहेर आले.

मी मातीत फतकल मारून बसले आणि हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पोरगी गोंधळून बापाकडे बघायला लागली.

"आता रडायला काय झालं?" वस्ताद म्हणाले. "सुटलात की."

"म्हणूनच रडतेय," मी म्हणाले, आणि पोरीला सांगितलं, "चल, परत धर."